चालकाविना शटलमधला प्रवासी डिस्प्ले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वयंचलित शटलच्या आतल्या पडद्यांवर काम करणारे, करू पाहणारे किंवा अशी सेवा सुरू करायच्या तयारीत असलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. इथे शटल म्हणजे ठरलेल्या मार्गावर, कमी वेगाने, दहा-पंधरा माणसं नेणारी गाडी. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०१६ या स्वयंचलित वाहनांच्या वर्गवारीत ती पातळी ४ मध्ये मोडते. म्हणजे आखून दिलेल्या मार्गावर आणि परिस्थितीत ती स्वतः चालते, आणि जमेनासं झालं की माणसाच्या मदतीशिवाय सुरक्षित थांबते. यातलं थांबणं महत्त्वाचं आहे. बहुतेक संघ चालणाऱ्या गाडीचा पडदा आधी रंगवतात आणि थांबलेल्या गाडीचा शेवटी, वेळ उरला तर. माझं म्हणणं नेमकं उलट आहे, आणि खालच्या बऱ्याच उत्तरांमध्ये ते येईल.

साध्या बसमध्येही पुढचा थांबा दाखवणारी पाटी असते. मग इथे वेगळं ते काय?

साध्या बसमध्ये प्रवासी पाटीपेक्षा कितीतरी जास्त माहिती चालकाकडून घेतो, आणि तीही न विचारता. चालकाने मान लांब करून पुढे पाहिलं, हॉर्न दिला, इंजिन बंद केलं, की मागच्या बाकावरच्या माणसालाही कळतं की काहीतरी अडलंय आणि थोडा वेळ लागणार आहे. दार बंद होताना धावत येणाऱ्या बाईंकडे चालकाने पाहिलं की नाही, हेही दिसतं. शटलमध्ये ती व्यक्ती नसते. गाडी जे करते ते का करते, हे सांगणारं कुणी उरत नाही. डिस्प्लेवर ती जबाबदारी येते. पुढचा थांबा, मार्ग, वेळ ही माहिती लागतेच, पण ती सोपी बाजू झाली.

गाडीला जे जे दिसतं ते सगळं पडद्यावर दाखवलं तर प्रवाशाचा विश्वास वाढेल ना?

थोडं दाखवलं तर वाढतो, सगळं दाखवलं तर ढासळतो. वेमो कंपनीच्या चालकाविना टॅक्सीत प्रवाशासमोरच्या पडद्यावर आजूबाजूच्या गाड्या, पादचारी आणि पुढचा रस्ता साध्या आकारांत दिसतो. तिथे ते शोभतं, कारण एक-दोन माणसं पडद्यासमोर निवांत बसलेली असतात. तरीही लायडारचे, म्हणजे लेझरने आजूबाजूचं अंतर मोजणाऱ्या सेन्सरचे, कच्चे ठिपके तिथे जसेच्या तसे ओतलेले नसतात. निवडून, साफ करून दाखवलेलं चित्र असतं.

प्रवासी पडदा आणि खिडकी यांची सतत पडताळणी करत असतो, ही गोष्ट विसरून चालत नाही. खिडकीबाहेर सायकलवाला दिसतोय आणि पडद्यावर नाही, की त्याच्या मनात लगेच येतं, ‘गाडीला हा दिसला नाही.’ प्रत्यक्षात गाडीने तो केव्हाच टिपलेला असतो, फक्त चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमने त्याला गाळलेलं असतं. उलटही होतं. झुडपाच्या जागी क्षणभर माणसाचा आकार उमटतो, थरथरतो आणि नाहीसा होतो. गाडी चालवणारी प्रणाली असल्या चुकार नोंदी पुढच्या काही क्षणांत पडताळून बाजूला टाकते, पण पडद्यावर ते भूत सगळ्यांना दिसून गेलेलं असतं.

म्हणून शटलसाठी मी एकच कसोटी लावतो: या क्षणी गाडीच्या वागण्यावर ज्या गोष्टीचा परिणाम होतोय तीच दाखवा. पादचारी रस्ता ओलांडतोय म्हणून वेग कमी झाला, तर पादचारी दाखवा. पलीकडच्या पदपथावरची वीस माणसं नकोत.

गाडी मध्येच थांबली तर पडद्यावर काय यावं?

या पानावरचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

८ नोव्हेंबर २०१७ रोजी लास व्हेगासमध्ये नाव्या कंपनीची शटल सार्वजनिक सेवेत आली, आणि पहिल्याच दिवशी, सुरू झाल्यावर काही तासांतच, रिव्हर्समध्ये मागे येणारा एक मालवाहू ट्रक तिला घासला. कुणाला दुखापत झाली नाही. शटलने ट्रक ओळखला होता आणि ती थांबलीही होती. ट्रक मात्र मागे येतच राहिला आणि शटल जागची हलली नाही. आत अटेंडंट होता, पण हाताने गाडी चालवायचा कंट्रोलर लगेच हाताशी येईल असा ठेवलेला नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या घटनेची चौकशी केली. तिच्या केंद्रस्थानी ट्रकचालक आणि कंट्रोलर होते. डिस्प्ले करणाऱ्याने मात्र आतल्या प्रवाशांच्या जागी स्वतःला बसवून पाहावं: ट्रक जवळ येतोय, गाडी गप्प उभी आहे, आणि तिला हे कळलंय की नाही हे समजायला काहीच साधन नाही.

रोजच्या सेवेतले थांबे याहून फार साधे असतात. समजा, पुढे मालाची गाडी अर्धा रस्ता अडवून उभी आहे. बऱ्याच प्रणाली अशा वेळी पडद्यावर आणतात: ‘अडथळा आढळला’. हे वाक्य इंजिनिअरच्या नोंदवहीतून उचललेलं आहे. प्रवाशाला त्यातून काहीच मिळत नाही, कारण अडथळा आहे हे तो काचेतून बघतोच आहे. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: गाडीला हे कळलंय का, आता कुणी काही करतंय का, आणि मी बसून राहू की उतरून चालू लागू.

मी ते असं मांडतो. गाडी थांबल्यावर पहिले काही क्षण शब्द नकोत, फक्त थांबल्याची ठळक खूण. नाहीतर प्रत्येक सिग्नलला वाक्यं नाचत राहतात आणि लोक ती वाचायचं सोडून देतात. पाचेक सेकंदांनी कारण: ‘पुढे उभ्या गाडीमुळे रस्ता अडला आहे.’ अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुढची हालचाल: ‘नियंत्रण कक्षाला कळवलं आहे. बाजूने जायची परवानगी मागितली आहे.’ मिनिटभराच्या पुढे गेलं तर पडदा पुरत नाही. तिथे माणसाचा आवाज यायला हवा, स्पीकरवरून, आणि त्याच वेळी पडद्यावर तेच शब्द. दोन मिनिटं उलटली की उतरायचा पर्याय द्या, दार कोणत्या बाजूचं उघडेल तेही सांगा. हे आकडे नियमात लिहिलेले नाहीत. मार्गावर थांबे किती दूर आहेत, लोक बसलेले आहेत की उभे, त्यानुसार ते बदलायला हवेत. क्रम मात्र बदलू नका.

आणखी एक. परवानगी मिळून गाडी निघाली की वाक्य गपकन पुसू नका. ‘रस्ता मोकळा, निघत आहोत’ हे निघायच्या आधी यावं, म्हणजे उभी माणसं दांडा धरतील.

थांबण्याचं कारण गाडीलाच नक्की ठाऊक नसेल तर?

असं होतं, आणि वाटतं त्याहून जास्त वेळा होतं. झाडाची फांदी, उडती पिशवी, पाऊस, धूळ, यांपैकी कशामुळे नोंद उठली हे त्या क्षणी वेगळं करता येत नाही. अशा वेळी कारण बनवून टाकू नका. प्रवासी काचेतून बघतो आणि खोटं तिथल्या तिथे पकडतो. ‘गाडी खबरदारी म्हणून थांबली आहे. तपासणी सुरू आहे’ इतकं पुरे. हे वाक्य थोडं मोघम आहे, पण खरं आहे.

‘मी थांबले आहे, काळजी करू नका’ अशी गाडीच्या तोंडी घातलेली लाडिक भाषा मला मान्य नाही. पहिल्या फेरीला गंमत वाटते. गाडी अडकल्यावर तीच भाषा चीड आणते.

अचानक ब्रेक लागणार असेल तर आधी इशारा देता येतो का?

खऱ्या आणीबाणीच्या ब्रेकसाठी नाही. सेन्सरने धोका टिपल्यापासून ब्रेक लागेपर्यंत सेकंदापेक्षाही कमी वेळ असतो, आणि तेवढ्यात कुणी पडदा वाचून दांडा धरू शकत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात ईझीमाइल कंपनीची शटल कमी वेगात असूनही अचानक थांबली आणि एक प्रवासी सीटवरून खाली पडला. त्यानंतर अमेरिकी नियामकाने दहा राज्यांतल्या ईझीमाइलच्या १६ शटलची प्रवासी वाहतूक काही काळ थांबवली. या प्रश्नावरचं उत्तर सीटबेल्ट, धरायचे दांडे आणि ब्रेकची आखणी यांत आहे. कुणी ते काम डिस्प्लेच्या गळ्यात मारत असेल तर स्पष्ट नकार द्या.

डिस्प्ले दोन गोष्टी करू शकतो. गाडी निघण्यापूर्वी ‘बसून घ्या, पट्टा लावा’ हे इतकं ठसठशीत सांगा की त्याकडे दुर्लक्ष होणार नाही. आणि गाडीला आधीच ठाऊक असलेले धक्के, म्हणजे वळण, गतिरोधक, निघणं, थांबणं, हे दोन-तीन सेकंद आधी दाखवा. उभ्या माणसाचा तोल साध्या वेगबदलानेही जातो, म्हणून या छोट्या सूचनांचं मोल मोठं आहे.

पडदे किती आणि कुठे?

आधी सीट पाहा, मग पडदे मोजा. शटलमध्ये बऱ्याचदा माणसं समोरासमोर बसतात. झूक्स कंपनीच्या चालकाविना टॅक्सीत चार सीट अशाच आहेत आणि गाडी दोन्ही दिशांना सारखीच चालते. अशा मांडणीत ‘पुढची भिंत’ नावाची गोष्टच नसते. एकच मोठा पडदा एका टोकाला लावला तर निम्म्या लोकांच्या तो पाठीशी जातो, आणि हे निम्मे लोक म्हणजे उलटं तोंड करून बसल्यामुळे पुढचं काहीच न दिसणारे. माहितीची सर्वात जास्त गरज त्यांनाच असते. व्हीलचेअरची जागाही पुष्कळ वाहनांमध्ये मागे तोंड करून असते. मी पहिला पडदा नेहमी त्या जागेवर बसून ठरवतो, बाकीचे नंतर.

दोन टोकांना दोन पडदे आणि दाराच्या वर एक अरुंद पट्टी, एवढ्यात लहान शटलचं भागतं. दाराची पट्टी उभ्या प्रवाशांसाठी. गर्दीत डोक्यांच्या वरून तीच दिसते.

अक्षरं केवढी हवीत?

वाहनांतल्या पडद्यांसाठी आयएसओ १५००८ हे मानक आहे. ते मूळ चालकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे, पण प्रवाशांसाठीही आधार म्हणून चालतं. त्यात अक्षराची उंची डोळ्याशी होणाऱ्या कोनात मोजतात, आणि २० कोनीय मिनिटं ही शिफारस आहे. व्यवहारात याचा अर्थ अंतराचा सुमारे १७२वा भाग. तीन मीटरवरून वाचायचं असेल तर अक्षर साधारण १७.५ मिलिमीटर उंच, पाच मीटरवरून २९. गाडी हलत असते, वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा नसतो, म्हणून ही किमान पायरी समजा आणि थांब्याचं नाव त्याच्या दीडपट घ्या. कॉम्प्युटरवर डिझाइन बघून ‘वाचता येतंय की’ म्हणू नका. खऱ्या आकारात कागदावर छापा, भिंतीला लावा आणि तीन मीटर मागे जा.

देवनागरीत दाखवताना वेगळं काही लागतं का?

हो, आणि त्याची दखल सहसा शेवटच्या आठवड्यात घेतली जाते.

वरची उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायची. वेलांटी, मात्रा, रफार वर जातात, उकार आणि जोडाक्षरांचे पाय खाली येतात. त्यांना वेगळी जागा लागते. रोमन लिपीसाठी आखलेल्या ओळीत देवनागरी कोंबली की ‘र्कीं’सारख्या ठिकाणी वरचा भाग छाटला जातो. ठिपक्यांच्या एलईडी पाट्यांवर तर सात ओळींत रोमन अक्षर बसतं, देवनागरीला सोळा ओळी तरी हव्यात, नाहीतर ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात.

दुसरा त्रास प्रोग्रॅमचा. लांब नाव जागेत बसत नाही म्हणून सॉफ्टवेअर ते मोजून कापतं. देवनागरीत डोळ्यांना दिसणारं एक अक्षर आत तीन-चार तुकड्यांचं असतं, त्यामुळे ‘क्षेत्र’ कापताना शेवटी पाय मोडका ‘त्’ लोंबकळत राहतो. अक्षरं एकेक करून उमटवणारं ॲनिमेशनही असंच फसतं: ऱ्हस्व वेलांटी आधी चुकीच्या जागी येते आणि मग उडी मारते. नाव संपूर्ण शब्दावरच कापा, आणि लांब नावांसाठी छोटं रूप माणसाने बसून ठरवा. सरकती ओळ शक्यतो टाळा. चालत्या गाडीत सरकतं देवनागरी वाचणं डोळ्यांना शिक्षा आहे.

रंग आणि उजेडाचं काय?

साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ हा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या मार्गदर्शक सूचनांमधला, कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण) पाळा. ही मोजणी काचेवर ऊन पडलेलं असताना कोसळते, म्हणून भर दुपारी गाडीत बसून बघा. रात्री उलटा प्रश्न येतो: पडदा इतका लखलखतो की काचेत त्याचंच प्रतिबिंब दिसतं आणि बाहेरचं दिसेनासं होतं. उजेडाप्रमाणे आपोआप मंद होणारा पडदा हवा. नुसत्या लाल-हिरव्या रंगाने अर्थ सांगू नका, पुष्कळ पुरुषांना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत.

न दिसणाऱ्या किंवा ऐकू न येणाऱ्या प्रवाशांसाठी काय करावं?

नियम एकच: जे लिहिलं ते बोललं जावं आणि जे बोललं ते लिहिलं जावं. एकही सूचना एकाच इंद्रियावर सोडू नका. हा नियम पुढच्या थांब्याच्या घोषणेला सगळे लावतात, पण अनपेक्षित थांब्याला लावायचं राहून जातं. नियंत्रण कक्षातला माणूस स्पीकरवर बोलतो, ऐकू न येणारा प्रवासी मात्र बाकीच्यांचे चेहरे बघत बसतो. म्हणून ऑपरेटरच्या नेहमीच्या वाक्यांसाठी तयार मजकुराची बटणं ठेवा: बोलायला सुरुवात करताना दाबलं की पडद्यावर तोच आशय उमटेल.

अंध प्रवाशासाठी दार उघडण्यापूर्वी बाजू आणि पदपथ जवळ आहे की नाही हे बोलून सांगा. शटल ठरलेल्या जागेपासून थोडी पुढे-मागे थांबली असेल तर तेही. मानवी चालक हे सहज सांगतो. सॉफ्टवेअरला ते मुद्दाम शिकवावं लागतं.

पडदा पाहून मळमळतं, ते कसं टाळावं?

डोळ्यांना स्थिर चित्र आणि कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेला हालचाल, असा विसंवाद झाला की मळमळ सुरू होते. पडदा नजरेच्या उंचीवर आणि खिडकीजवळ ठेवा, मांडीजवळ नको. लांब मजकूर नको. नकाशा गाडीबरोबर गरगर फिरवण्यापेक्षा मार्गाची साधी पट्टी दाखवा.

मदतीचं बटण टचस्क्रीनवर असलं तर चालेल का?

फक्त टचस्क्रीनवर असेल तर नाही. ओले हात, हातमोजे, अंधार, थरथरती बोटं, आणि आधीच गोठलेला पडदा, या सगळ्यांत खरं दाबायचं बटणच उपयोगी पडतं. बटणं तीन वेगळ्या कामांची असतात आणि ती एकमेकांपासून दूर हवीत: कुणाशी तरी बोलायचंय, पुढे उतरायचंय, आणि गाडी आत्ता थांबवा. तिसऱ्यावर झाकण हवं. दाबल्यावर लगेच दिवा लागला पाहिजे आणि पडद्यावर ‘कॉल लागत आहे’ आलं पाहिजे. प्रतिसाद दिसला नाही की माणूस दुसरं बटण दाबतो, आणि ते नेमकं चुकीचं असतं.

गाडीत अटेंडंट आहे. मग सध्या डिस्प्लेवर इतका खर्च कशाला?

कारण प्रवाशांना काय काय विचारावंसं वाटतं हे ऐकायची हीच संधी असते. अटेंडंट दिवसभर ज्या प्रश्नांची उत्तरं देतो ते लिहून घ्या. पडद्याचा मजकूर त्यातूनच निघतो. अटेंडंट गेल्यावर ते प्रश्न नाहीसे होत नाहीत, फक्त तुम्हाला ऐकू यायचे बंद होतात.

जाहिराती दाखवू शकतो का?

वेगळ्या पडद्यावर, आवाजाविना. गाडी अनपेक्षित थांबली की जाहिरात त्याच क्षणी बंद व्हावी. हे कंत्राटात लिहून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.

पोचायची वेळ मिनिटात दाखवावी की नको?

दाखवा, पण खात्री असेल तेवढीच. कमी वेगाची शटल एका अडलेल्या गाडीमुळे तीन मिनिटं मागे पडते. ‘७ मिनिटं’ हा आकडा पाच मिनिटं तसाच राहिला तर प्रवासी सगळ्याच पडद्यावरचा विश्वास काढून घेतो. गाडी थांबलेली असताना आकडा धूसर करा किंवा काढा. थांब्यावरची पाटी, मोबाइल ॲप आणि आतला पडदा एकाच जीटीएफएस रिअलटाइम प्रवाहावर (सार्वजनिक वाहतुकीची ताजी माहिती पुरवायची ठरलेली पद्धत) चालू द्या, नाहीतर तिन्हीकडे तीन वेगवेगळ्या वेळा दिसतात.

बाहेरच्या बाजूला डिस्प्ले हवा का?

तो वेगळा आणि मोठा विषय आहे. इतकंच सांगतो की बाहेर लिहिलेला शब्द ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तो नसतोच. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोच्या पॅरालिम्पिक क्रीडाग्रामात टोयोटाच्या ई-पॅलेट गाडीची रस्ता ओलांडणाऱ्या दृष्टिबाधित खेळाडूला धडक बसली. आवाजाला पर्याय नाही. आणि पादचाऱ्याला ‘तुम्ही जा’ असं कधी लिहू नका. दुसऱ्या बाजूने येणाऱ्या गाडीची हमी तुम्ही देऊ शकत नाही. ‘मी थांबले’ किंवा ‘मी निघतेय’ एवढंच सांगा. इथे मात्र ‘मी’ चालतं, कारण बाहेर उभ्या माणसाला कोण हे कळायला हवं.

गाडी तयार नसताना चाचणी कशी करायची?

साधी व्हॅन घ्या, चालक आणि प्रवासी यांच्यामध्ये अपारदर्शक पडदा लावा, आणि कुणीतरी मागून लॅपटॉपवरून स्क्रीनचा मजकूर बदलत राहा. चालकाला सांगा की अधूनमधून विनाकारण थांब आणि दीड मिनिट हलू नको. प्रवाशांना नंतर ‘पडदा आवडला का’ विचारू नका. विचारा, ‘गाडी का थांबली होती?’ उत्तर देता आलं नाही तर मजकूर फसला. थांबल्यावर पहिल्यांदा नजर कुठे गेली तेही टिपा. बहुतेकदा ती चालकाच्या जागेकडे जाते. ती जागा भिंत म्हणून मोकळी सोडली असेल तर तुमचा पडदा तिथेच हवा होता.

पडदाच बंद पडला तर?

काळा पडदा परवडला, गोठलेला नको. काळा पडदा बिघडलाय हे सगळ्यांना कळतं. गोठलेला पडदा मात्र मागच्या थांब्याचं नाव अभिमानाने दाखवत राहतो आणि कुणीतरी चुकीच्या जागी उतरतं. प्रत्येक माहितीला वय लावा: काही सेकंद नवी नोंद आली नाही की ती ओळ आपोआप निघून जावी. डिस्प्लेचा संगणक गाडी चालवणाऱ्या संगणकापासून वेगळा ठेवा, तिकडून माहिती यावी, इकडून काही जाऊ नये. बोलायची यंत्रणा आणि दाराजवळचा दिवा यांना स्वतंत्र बॅटरी द्या. आणि दाराशेजारी, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, गाडीचा क्रमांक, नियंत्रण कक्षाचा फोन आणि दार हाताने उघडायची पद्धत छापील आणि उठावाच्या अक्षरांत चिकटवा. गाडी रस्त्यावर आणायच्या आधी त्या क्रमांकावर फोन लावून पलीकडे कुणी उचलतंय का, तेही बघून घ्या.